रामघाटाखालचा हिवाळा : १६८३-८४ मधले युद्ध, धर्म आणि एक शब्द

१/
आंबोलीचा महादेवगड पॉइंट. धुके नसेल तर येथून सह्याद्रीचा कडा सरळ खाली तुटलेला दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी सावंतवाडीचा हिरवा मुलूख पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने पसरत गेलेला असतो. पर्यटक येथे छायाचित्रे काढतात, भाजलेले कणीस खातात आणि निघून जातात. परंतु याच कड्याखालच्या पट्ट्यात, बांदे, वेंगुर्ले, डिचोली आणि फोंडा या गावांच्या दरम्यान, १६८३-८४च्या हिवाळ्यात एक विलक्षण युद्ध झाले. मराठे, मोगल, पोर्तुगीज आणि स्थानिक देसाई असे सारे एकाच वेळी या चिंचोळ्या पट्टीत उतरले होते. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती हे तिन्ही धर्म रणांगणावर होते. मात्र एकाही बाजूला एकच धर्म नव्हता.

२/
या युद्धाला 'धर्मयुद्ध' म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. काहींना उलट मोह होतो : धर्म हा केवळ मुखवटा होता आणि आत सगळा सत्तेचा व्यवहार, असे म्हणून मोकळे होण्याचा. त्या तीन-चार महिन्यांकडे बारकाईने पाहिले, तर या दोन्ही सोप्या उत्तरांची अडचण होते. धर्म तेथे होता, आणि खराखुरा होता. तो नेमका कोठे होता, हा खरा प्रश्न आहे.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. पोर्तुगीजांच्या ताब्यात त्या वेळी तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे गोव्याचे तीन किनारी प्रांत होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील देवळे पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली. लोकांनी आपले देव रातोरात नदीपार नेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुठ्ठाळचा मंगेश प्रियोळला आला. ही दोन्ही गावे फोंड्याच्या मुलखातली, आणि फोंड्यावर तेव्हा अंमल होता विजापूरच्या आदिलशहाचा. म्हणजे ख्रिस्ती राजवटीतून निघालेल्या हिंदू देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या राज्यात. या भागाचा इतिहास वाचताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी पुढचे पुष्कळ धक्के सौम्य होतात.

४/
१६७५ साली शिवाजी महाराजांनी फोंडा जिंकले. देवांच्या या आश्रयस्थानावर आता मराठ्यांचा भगवा होता, आणि नदीपलीकडे पोर्तुगीज. घाटाखालच्या कुडाळ-वाडीच्या मुलखात सावंतांची जुनी देसगत होती. देसाई म्हणजे वंशपरंपरागत वतनदार. सारा गोळा करावा, आपला हक्क ठेवावा, आणि वर जो कोणी राजा असेल त्याला मान द्यावा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आदिलशहा असो वा पोर्तुगीज, राजे येतात आणि जातात, वतन राहते. शिवाजी महाराजांनी वतनदारांच्या सत्तेला लगाम घालण्याचे धोरण धरले, तेव्हा या देसायांना ते रुचले नाही. १६६७ साली महाराजांनी बारदेशावर स्वारी केली, तिचे एक कारण हेच होते : लखम सावंतासारखे बंडखोर देसाई पोर्तुगीजांच्या आश्रयाला जाऊन बसले होते. ज्या राजवटीने आपल्याच लोकांचे देव हुसकावले, तिच्या आश्रयाला! त्यांच्या लेखी यात विसंगती नव्हती. देव देवळात होता आणि वतन जमिनीत.

५/
आता उत्तरेकडे. १६७९ साली औरंगजेबाने जिझिया कर पुन्हा लादला. त्याच सुमारास जोधपूरच्या गादीवरून राठोडांशी त्याचे युद्ध पेटले. या युद्धावर त्याने आपला चौथा मुलगा अकबर याला पाठवले, आणि हा शहजादा राजपुतांनाच जाऊन मिळाला. जानेवारी १६८१ मध्ये त्याने स्वतःला बादशहा घोषित केले. या बंडाला आधार काय दिला होता, तर धर्माचाच. अकबराच्या छावणीतल्या मौलवींनी फतवा काढला की औरंगजेबाने शरीयतचा भंग केला आहे, म्हणून तो तख्तावर राहण्यास पात्र नाही. धर्मनिष्ठेसाठी नाव कमावलेल्या बादशहाविरुद्ध त्याच्याच धर्मशास्त्राचे शस्त्र! बंड फसले. अकबर पळाला. राजस्थानातून दक्षिणेपर्यंत त्याला सुखरूप पोहोचवणारा माणूस होता दुर्गादास राठोड. अकबराची लहान मुले मात्र मागे मारवाडातच, राठोडांच्या ताब्यात राहिली. हा तपशील शेवटपर्यंत ध्यानात असू द्यावा.

६/
जून १६८१ मध्ये अकबर मराठी मुलखात शिरला. संभाजी महाराजांनी त्याला आसरा दिला आणि पालीजवळ धोंडसे येथे त्याची सोय केली. हा आसरा महाग पडणारा होता, हे सर्वांनाच कळत होते. औरंगजेब त्याच वर्षी अजमेर सोडून दक्षिणेला निघाला, तो पुन्हा कधी दिल्लीला परतला नाही. त्यामागे राज्यविस्ताराची जुनी इच्छा होती, तशीच बंडखोर मुलाची धास्तीही होती.

शरणागताने या विश्वासाची परतफेड लवकरच केली. रायगडावरच्या काही असंतुष्ट कारभाऱ्यांनी संभाजी महाराजांविरुद्ध कट केला आणि अकबराला पत्र लिहून त्यात ओढू पाहिले. अकबराने ते पत्र महाराजांकडे पोहोचवले. कट उघड झाला.

७/
संभाजी महाराजांच्या मनात यावेळी काय चालले होते, हे सांगणारा एक दुर्मीळ कागद उपलब्ध आहे. अंबरचा राजा रामसिंह याला १६८२च्या सुमारास त्यांनी संस्कृतात पत्र लिहिले. त्यात हिंदू राजांनी धर्मरक्षणासाठी आता तरी उभे राहावे, असे कळकळीचे आवाहन आहे. आणि त्याच पत्रात, त्याच श्वासात, अकबर व दुर्गादास यांना आपण आपल्या देशात ठेवून घेतल्याचेही ते सांगतात. धर्मरक्षणाची योजना अशी की औरंगजेबाला बाजूला सारून दिल्लीच्या तख्तावर त्याचाच मुलगा बसवायचा. आजच्या वाचकाला हे दोन तुकडे एकमेकांत बसवताना त्रास होतो. लिहिणाऱ्याला झालेला दिसत नाही.

८/
दक्षिणेत आल्यावर दोन वर्षे उलटली. दिल्लीवर चालून जाण्याचे अकबराचे स्वप्न पुढे सरकेना. संभाजी महाराज जंजिऱ्याच्या सिद्दीशी, मोगलांशी आणि पोर्तुगीजांशी एकाच वेळी झुंजत होते. कंटाळलेला शहजादा १६८३ मध्ये तळकोकणात उतरला. आधी बांद्याला, मग डिचोलीला त्याचा मुक्काम पडला. पोर्तुगीजांशी बोलणी करून जहाज मिळवावे आणि इराणला निघून जावे, असा त्याचा बेत होता. नोव्हेंबरमध्ये तो वेंगुर्ल्याला जहाजावर चढलासुद्धा. दुर्गादास आणि कवी कलश धावत गेले आणि त्यांनी समजूत घालून त्याला परत आणले. वेंगुर्ल्याच्या बंदरात एका मोगल शहजाद्याला एक राठोड सरदार आणि एक कनौजी ब्राह्मण 'जाऊ नका' म्हणून विनवत आहेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावे.

९/
याच दिवसांत गोव्याचा विजरई, म्हणजे व्हॉइसरॉय, फ्रान्सिस्को द ताव्होरा ऊर्फ आल्व्होरचा काउंट, मोगलांच्या बाजूला झुकला होता. मराठे व पोर्तुगीज यांच्यातली तेढ अंजदीव बेटावरून आणि चौलच्या वेढ्यावरून टोकाला पोहोचली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस विजरईने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. संभाजी महाराजांवर रुष्ट असलेले देसाई त्याच्या सोबत होते. किल्ला लढवला तो येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी. तटाला खिंडारे पडली होती. अशा वेळी संभाजी महाराज स्वतः घोडदळ घेऊन येऊन धडकले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. कृष्णाजी या लढाईतल्या जखमांनी पुढे मरण पावला.

१०/
२४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीची वेळ साधून मराठ्यांनी गोवे शहराच्या अगदी जवळचे जुवे बेट, सांतु इस्तेव्ह, घेतले. दुसऱ्या दिवशी ते परत मिळवायला गेलेला विजरई थोडक्यात जिवानिशी सुटला. शहरात हाहाकार उडाला. डिसेंबरमध्ये मराठी फौजा सासष्टी आणि बारदेशात घुसल्या. मडगाव लुटले गेले. चर्चची नासधूस झाल्याच्या नोंदी पोर्तुगीज कागदपत्रांत आहेत आणि त्या दडवण्याचे कारण नाही. देव नदीपार न्यावे लागलेल्यांचे नातू-पणतू त्या फौजांत असतील, तर त्यांच्या मनात काय होते याची कल्पना करता येते. परंतु मार खाणारे सासष्टीचे ख्रिस्ती शेतकरीही त्याच मातीतले, तीच कोकणी बोलणारे होते. ज्यांनी देवळे पाडली ते शंभर वर्षांपूर्वी मेले होते.

११/
आणि आता या हिवाळ्यातला सर्वांत बोलका प्रसंग. जुव्याच्या पराभवानंतर विजरई बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला. त्याने संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली, आपल्या अधिकाराचा दंड संताच्या हाती ठेवला आणि राज्य आता तुम्हीच सांभाळा, अशी लेखी विनवणी केली. हे नाटक नव्हते. त्या माणसाचे सैन्य मोडले होते, तिजोरी रिकामी होती आणि शत्रू खाडीपलीकडे उभा होता. त्याने जे केले, ते बुडणारा श्रद्धाळू माणूस करतो तेच केले.

१२/
प्रार्थना फळाला आली म्हणावी, तर ती कशी आली ते पाहा. पावसाळा संपताना औरंगाबादेहून निघालेला औरंगजेबाचा दुसरा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला. आंबोलीहून दक्षिणेकडे जाणारी सह्याद्रीची धार पुढे चंदगडच्या हद्दीत शिरते. तेथून दोडामार्गाकडे उतरणारी ही जुनी वाट. जानेवारी १६८४च्या सुरुवातीला मोगल डिचोलीपर्यंत पोहोचले. पाठीवर एवढे सैन्य येत असल्याचे कळताच संभाजी महाराजांनी गोव्याचा फास सैल केला आणि ते माघारी वळले. कॅथलिक संताच्या पायाशी केलेली विनवणी एका मुसलमान बादशहाच्या मुलाने पूर्ण केली होती. तो चालून आला होता एका हिंदू राजावर आणि त्या राजाने आसरा दिलेल्या आपल्याच सख्ख्या बापाच्या मुलावर. शाह आलमच्या फौजेत राजपूत आणि मराठे सरदारही होते.

१३/
उपकारकर्त्याविषयी पोर्तुगीजांना कृतज्ञता वाटली का? भय वाटले. शाह आलमला आपली रसदेची गलबते मांडवीतून वर न्यायची होती. पोर्तुगीजांना खात्री वाटत होती की गलबतांबरोबर गोवेही जाईल. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा भटक्या तेव्हा गोव्यातच होता. संभाजी महाराजांकडे आणि नंतर शाह आलमकडे तो विजरईचा वकील म्हणून जाऊन आला. त्याच्या ग्रंथात या संशयाचे वातावरण वाचायला मिळते. मनुची हे पात्रही या हिवाळ्याला साजेसे : जन्माने कॅथलिक, अर्धे आयुष्य मोगलांच्या चाकरीत, धंदा वैद्यकीचा.

१४/
मोगलांनी डिचोली, बांदे, कुडाळ, वेंगुर्ले या गावांत जाळपोळ केली. रसद मिळेना. फौज उपाशी पडू लागली. फेब्रुवारीत शाह आलम रामघाट पुन्हा चढू लागला, तेव्हा साथीने गाठले. माणसे, घोडे, उंट, हत्ती वाटेत पडत गेले. फौजेचा मोठा हिस्सा त्या चढणीवर संपला. तोफांनी नव्हे, भुकेने आणि रोगाने. एवढी मोठी मोहीम संपली तेव्हा कोणाच्याही धर्माची सरशी झालेली नव्हती. जळालेली गावे तेवढी उरली, आणि ती बहुतेक सावंतांच्याच मुलखातली होती.

दरम्यान अकबर आणि कवी कलश यांच्या मध्यस्थीने मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात तहाची बोलणीही झाली. ती टिकली नाहीत. १६८५ मध्ये वाडीच्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांशी स्वतंत्र करार करून संभाजी महाराजांविरुद्ध आघाडी उघडली.

१५/
बचावलेल्या विजरईने पुढे काय केले, हेही सांगायला हवे. २७ जून १६८४ रोजी त्याने फर्मान काढले : गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. संताच्या हाती दंड ठेवणारा हात आणि लोकांच्या तोंडातली कोकणी काढून घेऊ पाहणारा हात एकच होता, आणि दोन्ही वेळा आपण धर्माचेच काम करतो आहोत असे त्याला वाटत होते. त्याच्या श्रद्धेच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. श्रद्धा खरी असली म्हणजे कृती न्याय्य होते, एवढे मात्र यातून सिद्ध होत नाही.

१६/
मग धर्माने या सर्वांत केले काय? बाजू ठरवताना फारच थोडे. बाजू ठरल्या वतनाने, बंदरांनी, भावाभावांतल्या वैराने. धर्माने झेंड्यांना रंग दिला, पत्रांना भाषा दिली, लुटीला निमित्त दिले. इतकेच असते तर 'मुखवटा' म्हणणाऱ्यांचे बरोबर ठरले असते. पण त्या बांदे-डिचोलीच्या छावणीत दोन गोष्टी अशा होत्या, ज्यांचा हिशेब केवळ स्वार्थाने जुळत नाही.

१७/
पहिली गोष्ट, दिलेला आसरा. १६८१ मध्ये अकबर ही कामाची सोंगटी होती, हे मान्यच केले पाहिजे. दिल्लीच्या गादीचा दावेदार हाताशी असणे कोणाला नको असते? पण १६८४ नंतर त्याचा उपयोग काय उरला होता? त्याच्याजवळ सैन्य नव्हते, पैसा नव्हता, त्याच्यासाठी उत्तरेत कोणी उठत नव्हते. उलट त्याला औरंगजेबाच्या स्वाधीन केले असते, तर संभाजी महाराजांना सौद्यात बरेच काही मागता आले असते. विजापूर-गोवळकोंड्याचा घास घेण्यात बादशहा गुंतला होता. अशा वेळी मराठ्यांशी तडजोड त्याला नकोशी नव्हती. तरी तो सौदा झाला नाही. १६८७ मध्ये अकबर राजापूरच्या किनाऱ्यावरून जहाजाने इराणकडे गेला, तो पाहुणा म्हणूनच. दोन वर्षांनी संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांची हत्या झाली. शरण आलेल्याला टाकू नये, हा नियम कोणत्या एका धर्माचा नाही. राजपूत त्याला क्षात्रधर्म म्हणतात, पठाण दुसऱ्या नावाने ओळखतात. रायगडावर तो पाळला गेला.

१८/
दुसरी गोष्ट दुर्गादासाची. अकबराला जहाजावर चढवून हा राठोड मारवाडात परतला. अकबराची मुलगी सफियत-उन्-निसा आणि मुलगा बुलंद अख्तर तेथे राठोडांच्या ताब्यात वाढत होते. औरंगजेबाला आपली नातवंडे परत हवी होती. १६९०च्या दशकात वाटाघाटी झाल्या. मध्यस्थ होता ईश्वरदास नागर हा गुजराती ब्राह्मण. तो मोगलांचा अधिकारी, आणि पुढे फार्सीत इतिहास लिहिणारा. दुर्गादासाने आधी मुलीला बादशहाकडे पाठवले.

१९/
आजोबा चिंतेत होते. काफिरांच्या घरात वाढलेल्या मुलीला धर्माचे काय शिक्षण मिळाले असणार? तिच्यासाठी शिक्षिका नेमण्याची गोष्ट औरंगजेबाने काढली. तेव्हा नातीने सांगितले, त्याची गरज नाही. दुर्गादासाने अजमेरहून एक मुसलमान बाई बोलावून आपल्याला शिकवले आहे, आणि आपल्याला कुराण पाठ आहे. बादशहा थक्क झाला, असे ईश्वरदास लिहितो.

२०/
येथे हिशेबी वाचक म्हणेल, दुर्गादासाला या सौद्यात मनसब आणि जहागीर मिळालीच की. मिळाली. पण सौद्यासाठी मूल जिवंत असणे पुरेसे होते. त्याला कुराण येणे कोणत्याही तहाच्या कलमात नव्हते. ज्या बादशहाने आपल्या धन्याचे राज्य बळकावले, जिझिया लादला, वीस वर्षे रानावनात फिरायला लावले, त्याच्या नातीला तिच्या आजोबाचाच धर्म नीट शिकवावा, असे या माणसाला वाटले. आणि शिकवणारी शोधायला त्याने अजमेरपर्यंत माणूस धाडला. दुर्गादास मूर्तिपूजक होता, पक्का राठोड होता, आणि आपला धर्म त्याने तसूभरही सोडला नव्हता. कदाचित म्हणूनच दुसऱ्याच्या मुलाचा धर्म ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे, हे त्याला समजले असावे.

२१/
औरंगजेबाने त्याची जाण किती काळ ठेवली? १७०१ मध्ये गुजरातेत दुर्गादासाला दरबाराला बोलावून मारण्याचा डाव रचला गेला. सुगावा लागताच तो निसटला. अकबर इराणातच मरण पावला. बाप आधी जाईल आणि आपण परतू, ही त्याची आशा पुरी झाली नाही. शाह आलम, जो रामघाट चढताना फौजेचा मोठा हिस्सा गमावून बसला होता, तो १७०७ नंतर बहादूरशहा या नावाने तख्तावर बसला. दुर्गादासाला आयुष्याच्या शेवटी मारवाडही सोडावे लागले. १७१८ मध्ये तो उज्जैनला वारला. तेथे क्षिप्रेच्या काठी त्याची छत्री आहे.

२२/
वेंगुर्ल्याच्या बंदरात, बांद्याच्या तेरेखोलकाठी आणि डिचोलीत या माणसाचा वावर होता. आंबोलीहून घाट उतरून सावंतवाडीमार्गे गोव्याला जाणारी वाहने बांदे ओलांडतात, तेव्हा ती त्याच छावणीच्या मुलखातून पुढे जात असतात.